रिकामा दवाखाना

रुग्ण दिसले नाहीत म्हणून मी माझी पहिली नोकरी निवडली. परिचारिकेने असे सांगणे म्हणजे मासोळीने पाण्याला नाक मुरडण्यासारखेच. पण आता गुडघे माझ्याआधी बोलतात आणि नातवंडांना आजीच्या शहाणपणापेक्षा तिच्या मूर्खपणाची गोडी अधिक, तेव्हा लपवायचे तरी कोणापासून? तेव्हाची ती मी, दोन वेण्या घालून स्वतःच्याच प्रमाणपत्रावर मोहित झालेली, आज माझ्या हाताखाली शिकायला आली असती, तर पहिले सहा महिने तिला मी बेडपॅन घासायलाच बसवले असते.

नागपूरचे शिक्षण संपवून मी ब्रह्मपुरीला घरी आले होते. फाल्गुन सरत आला होता, धानाची रिकामी बांधी उन्हात भेगाळत होती आणि माझ्यापुढे दोन नेमणुका होत्या: एक चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, मोठ्या दवाखान्यातली, दुसरी वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या रानातल्या एका लहानशा गावची. मला हरखून गेलेली पाहून बाबा म्हणाले, "दोनी पाहून घे पोरी. बैल घेतानी दात पाह्यतो आपन, नोकरी काऊन आंधळ्यावानी घ्याची?"

म्हणून आम्ही आधी चांद्याला गेलो. फिनेलचा, घामाचा आणि शिळ्या पेजेचा संमिश्र वास दारातच अंगावर आला. ओसरीत चटयांवर माणसे निजली होती, एकेका खाटेवर दोघे होते, आणि त्या साऱ्यांमधून वाट काढत फिरणाऱ्या मुख्य परिचारिकेच्या टाचांना पडलेल्या भेगा मला तिच्या चेहऱ्याच्या आधी दिसल्या. मी माझ्या टाचांकडे पाहिले. त्या तेव्हा फार सुंदर होत्या, हे सांगायला हरकत नाही.

पलीकडच्या गावाला निघालो तो दिवस मात्र अजूनही कधी कधी पहाटे माझ्या उशाशी येऊन बसतो. डोंग्याने नदी ओलांडली, आणि पुढे रेंगीत बसून, बैलांच्या घुंगरांच्या लयीत, पानगळीने विरळ झालेल्या सागाच्या रानात शिरलो, तसा तो वास आला. मोहाचा वास: गोड, जड, किंचित आंबूस, जणू ऊनच कुठेतरी झाकून ठेवले आहे आणि त्याला मंद फेस येतो आहे. झाडांखाली फिकट पिवळ्या, मांसल फुलांचा सडा होता. गावात शिरलो तर गाव निर्मनुष्य. सारवलेली अंगणे, लोटलेली दारे, सावलीला निजलेला एक कुत्रा. दवाखान्याच्या ओसरीत चिटपाखरू नव्हते. औषधांच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, आणि खिडकीतून येणारा उन्हाचा तिरपा पट्टा रिकाम्या बाकावर स्वस्थ पहुडला होता.

शेजारच्या झोपडीतून एक बाई उठली, भिंतीला हात टेकत सावकाश आली आणि तिने आम्हाला लोटीभर पाणी दिले. दिवस गेलेले, पोट चांगले वर आलेले. तिचे नाव मैना.

"इथे पेशंट येत नाहीत का?" मी विचारले.

"आता कोन येईन बाई? मोह पडून राह्यला. सारं गाव रानात हाये." मग तिने विचारले, "तुमी येनार का इथी राहाले?"

"येईन की!" मी तिथेच निर्णय देऊन टाकला.

"मंग तं बरं झालं," ती म्हणाली आणि हसली. हसताना तिचे डोळे फुगीर गालांत बुडाले. तिच्या पायांत चांदीचे तोडे होते, मांसात घट्ट रुतलेले. आणि मी, तोंडी परीक्षेत याच लक्षणांवर शाबासकी घेऊन आलेली मी, मनात म्हटले, किती छान बसलेत हिला, आपणही असेच करून घ्यावेत! गरोदर बाईच्या पायांवर, चेहऱ्यावर सूज, बोटाने दाबले तर खळगा तसाच राहतो, झटके येण्याआधी मोठ्या दवाखान्यात हलवावे: सगळे मुखोद्गत होते. पण परीक्षक समोर नव्हता, प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मी खिडकीला पडदा कोणत्या रंगाचा शोभेल याच्या विचारात होते. परतताना रेंगीत मी बाबांना म्हटले, "इथं कादंबऱ्या वाचून होतील." बाबांनी बैलांच्या शेपट्यांकडे पाहत फक्त मान हलवली.

तत्काळ रुजू व्हा, असे हुकुमात होते. मी मात्र चुलत बहिणीचे लग्न उरकले, उशांच्या अभ्र्यांवर गुलाब भरले. गुलाबाच्या पाकळ्या मनासारख्या उतरेनात, म्हणून दोनदा उसवले.

त्या गावी मी पुढे पुष्कळ वर्षे राहिले. पावसाळा लागला की हिवतापाने ती ओसरी अशी भरून जाई की चांदा बरा म्हणावा. कादंबऱ्यांना वाळवी लागली, टाचांना भेगा पडल्या. आणि दरसाल मोह पडू लागला, गाव पहाटेच टोपल्या घेऊन रानात गेले, की मी दवाखान्याला कडी घालून घरोघर फिरू लागले. कारण त्या दिवसांत म्हातारी-कोतारी, लेकुरवाळी, सारी रानात जातात; पावसाळ्याची भूक त्या फुलांवरच भागते. अशा वेळी जी घरी राहते, तिला बसण्याखेरीज इलाजच उरलेला नसतो. रिकाम्या गावात एक माणूस मागे उरले होते आणि ते माझ्यासमोर लोटी धरून उभे होते, एवढे कळायला मला एक संपूर्ण वर्ष लागले.

पण ते पुढचे. मी रुजू झाले तेव्हा वैशाख होता. अंगणांतून मोह वाळून तांबूस झाला होता, आणि त्याचा वास आता जुन्या मनुकांसारखा झाला होता. पहिल्याच सकाळी एक म्हातारी हाताला झालेली जखम दाखवायला आली. पट्टी बांधता बांधता, नव्या कोऱ्या उत्साहात, मी शेजारच्या झोपडीकडे बोट दाखवून विचारले, "त्या मैनाबाई कुठे आहेत? बाळंत झाल्या का?"

"माही सून होती ते," म्हातारी म्हणाली. "झटके आले बाई तिले. रेंगी जुंपली आमी, पन नदीलोक बी नाई पोचली. लेकरू पोटातच राह्यलं."

पट्टीचे टोक माझ्या हातातून सुटले. ते ती दुसऱ्या हाताने धरून राहिली, मी पुन्हा बांधीन म्हणून वाट पाहत. बाहेर कोणीतरी वाळलेला मोह सुपात पाखडत होते. त्याचा एकसुरी आवाज येत होता. मी विचारले, आणि विचारताना माझा स्वर तिलाच दोष देत होता हे मला आज ऐकू येते, "त्या दिवशी मी आले होते, तेव्हा त्यांनी मला पाय का नाही दाखवले?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर मला कुठेतरी टेकता आले असते.

"मी बी तेच म्हनलं तिले, सांजेले मोह घिऊन आली तवा. खुशीत होती पोरगी. म्हने, आज ते पाव्हनी होती ना, मा, उन्हातून थकून आली. पाव्हनीले का सुजलेले पाय दाखवाचे? आता आपल्याच गावात येनार हाये ते. आली का दाखवीन."