गाड्या आडव्या कुणी लावल्या

कर्जतला मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हा मी वकीलसाहेबांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत असे. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, पण सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेई ती लेव्हीची ज्वारी काही थांबली नव्हती. वकीलसाहेब लोकल बोर्डाचे सभासद होते. बोलायला फटकळ. भर सभेत ते म्हणाले होते, गरिबाच्या कणगीत हात घालण्याआधी आपल्या अध्यक्षांची धान्याची पेवं उघडा. अध्यक्ष म्हणजे त्यांच्याच पक्षाचे तालुक्याचे पुढारी. पक्षानं वकीलसाहेबांना काढून टाकलं. मग कुणी म्हणे ते सरकारला फितूर आहेत, कुणी म्हणे आतून लाल बावटेवाले आहेत. पान खायला थांबले तरी ते कुणाशी बोलले याची चर्चा व्हायची.

फाल्गुनात एका संध्याकाळी जवळच्या गावी लेव्हीविरुद्धच्या सभेला जाताना त्यांचा टांगा ओढ्याच्या दरडीवरून खाली गेला. वकीलसाहेब जागीच गेले. टांगेवाले चाचा वाचले, पण दुसऱ्या दिवसापासून दिसेनासे झाले. घोडा तेवढा त्यांच्या दारात लंगडत उभा. संशयाला एवढं गावाला पुरे होतं. पाणी भरताना बायका मला हळूच विचारायच्या, "बाई, तुमी तिथंच राहता, काय ऐकलं का?" मी काही ऐकलं नव्हतं. तरी अध्यक्षांचा माणूस दारावरून गेला की मी खिडकीशी जाऊन पाहायची.

महिना उलटला आणि मारुतीच्या देवळासमोर शोकसभा ठरली. ठरवली अध्यक्षांनीच. काकू, म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नी, हे ऐकून इतकंच म्हणाल्या, "हार घालायची एवढी घाई का झाली यांना?" आणि मला बरोबर घेऊन निघाल्या. महिन्याभराची विधवा चारचौघांत आलेली पाहून लोकांनी माना खाली घातल्या. अध्यक्ष फोटोला हार घालून बोलले. असा निर्भीड माणूस होणे नाही, म्हणाले. बोलताना त्यांनी डोळे टिपले. ते खरं की खोटं, मला ठरवता येईना.

तेवढ्यात काकूंना मागे भिंतीशी बसलेले चाचा दिसले. हात गळ्यात बांधलेला. जामखेडला बहिणीकडं हाड बसवून घ्यायला गेले होते, असं नंतर कळलं. काकू उठल्या. सभा थांबली.

"चाचा, सडक सोडून ओढ्यात का घातलात टांगा?"

चाचा उभे राहिले. मग म्हणाले, "सडकंवर कडब्याच्या गाड्या आडव्या हुत्या, वहिनी. साहेबास्नी घाई हुती. म्हनले, वढ्यातनं घाल. म्या नको म्हनलं हुतं."

"गाड्या कुणाच्या?"

साऱ्यांचे डोळे अध्यक्षांकडे वळले. सडकेलगतचं खळं त्यांचंच होतं.

"गाड्या माझ्याच," अध्यक्ष म्हणाले. "सुगीत त्या तिथं उभ्या असतातच. साऱ्या गावाला ठाऊक आहे."

तेही खरंच होतं. मीही त्या तिथं उभ्या पाहिल्या होत्या. पण वकीलसाहेब कोणत्या सभेला निघालेत, हेही साऱ्या गावाला ठाऊक होतं. आडव्या कुणी लावल्या, असं काकूंनी विचारलं. मग एकानं घाईघाईनं दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली आणि लोक उठून उभे राहिले.

पोलीस कधी आले नाहीत. बोर्डावरची जागा अध्यक्षांच्या पुतण्याला मिळाली, त्याच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. चाचांच्या टांग्यात मात्र लोक बसेनासे झाले. काही जण म्हणत त्यांनी पैसे खाल्ले, काही म्हणत त्यांनी तोंड उघडायला नको होतं. पुढच्या दसऱ्याच्या आत त्यांनी घोडा विकला.

काकू पारनेरला भावाकडं गेल्या. सामान बैलगाडीत चढवून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "खून झाला असं कुणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या, "आणि झाला नाही असंही सांगू नकोस."

त्यानंतर त्या घरात मामलेदार कचेरीतले एक कारकून राहायला आले. सभ्य माणूस. पण वकीलसाहेबांबद्दल ते पहिल्याच दिवशी इतक्या बारकाईनं विचारू लागले, की त्यांना कुणी पाठवलं असावं असं वाटून मी पंधरवड्यात दुसरी जागा पाहिली.