औषध म्हणून गजगे

दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे सायकलवरूनसुद्धा अभ्यास केला पाहिजे अशी माझी समजूत होती. जानेवारीतल्या एका सकाळी, केडगावच्या अलीकडे, मागणी आणि पुरवठा पाठ करत मी एका बैलगाडीला जाऊन धडकलो. गाडी उभी होती. बैल सोडलेले होते. गाडीवान लिंबाखाली भाकरी खात होता. म्हणजे त्या अपघातात हलणारी वस्तू एकच होती, आणि ती पदवी घ्यायला निघाली होती.

उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तेव्हा आतला वाळका हात माझाच आहे हे पटायला जरा वेळ लागला. बोटं मिटत नव्हती. पेन धरलं की गळून पडायचं. परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. वडील फार बोलत नसत. एवढंच म्हणाले, "औंदा न्हाई झालं, तर म्होरं शिकवनं न्हाई."

आई मला शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे घेऊन गेली. त्याने एकेक बोट ओढलं. मी ओरडलो की तो समाधानाने मान हलवायचा. शेवटी म्हणाला, "रोज कनीक मळ. न्हायतर पोरी खेळत्यात तसं गजगं खेळ. बोटं मोकळी व्हतील."

घरी यावर गंभीर विचार झाला. घरात सून असताना कॉलेजातला मुलगा कणीक मळतोय, हे गावाला कळलं तर आईला पाणवठ्यावर तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून गजगे ठरले. करड्या, गुळगुळीत, टणक बिया. पाच घ्यायच्या, एक वर उडवायची, ती खाली येईपर्यंत जमिनीवरची उचलायची आणि त्याच हाताने वरची झेलायची. शुद्ध पोरींचा खेळ. दादा म्हणाला, "खेळ की. पंचमीला मेंदी बी लाव."

गजगे कुठून आणायचे, हा प्रश्न वहिनीने सोडवला. तिचं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं, माहेर श्रीगोंद्याकडचं. माझ्याहून एका वर्षाने लहान, पण नात्याने मोठी. लग्नातल्या पेटीच्या तळातून, लुगड्याच्या घडीतून तिने पाच गजगे काढले. सासरी आल्यापासून ते तिथेच होते. सुनेने पडवीत बसून खेळायचं नसतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

"औषध हाय ह्ये, खेळ न्हवं," आईने बजावलं. दुपारी जेवणानंतर एकदा, संध्याकाळी दिवेलागणीआधी एकदा. दार लोटून.

पहिल्या दिवशी मी वही घेऊन बसलो. आधी नियम नीट समजून घ्यावेत, डाव्या हाताने का होईना टिपून ठेवावेत, असा माझा विचार होता. वहिनी बघत राहिली.

"भावजी, ह्ये काय?"

"नियम लिहून घेतो. आधी एकेक उचलायचा, मग दोन-दोन..."

"मिटा ती वही. गजग्याला वाचता येत न्हाई."

मी पहिला गजगा उडवला. तो माझ्या नाकावर आला. दुसरा आईच्या पाण्याच्या तांब्यात पडला. आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिने तो बाहेर काढला, पुसला आणि माझ्याकडे सरकवला.

"खाली कशाला बघताय?" वहिनी म्हणाली. "खालचा काय पळून चाललाय? वरच्याकडं बघा."

"पण खालचा दिसला नाही तर उचलू कसा?"

"हाताला म्हाईत असतं."

माझ्या हाताला काहीच माहीत नव्हतं. तिने गजगे घेतले. एकेक, दोन-दोन, तीन आणि एक, मग चारही एका मुठीत. बांगड्यांचा आवाज व्हायचा आणि जमीन रिकामी. शेवटी पाचही वर उडवून तिने उलट्या पंजावर घेतले आणि खळखळून हसली. तिचं असं हसणं त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

"औषध त्याला हाय न्हवं?" आई म्हणाली.

वहिनीने पदर सावरला. "दावायला नको का आत्याबाई?"

त्यानंतर तिला पुष्कळ दाखवावं लागलं. मी इतका मंद विद्यार्थी निघालो की प्रत्येक गोष्ट तिला चार-चारदा करून दाखवणं भाग होतं. रोज टोमणे. "कालिजात मास्तर बी असंच हारत्यात का तुमच्यापुढं?" तिसऱ्या आठवड्यात दोन-दोन जमू लागले. चौथ्या आठवड्यात पेन हातात राहू लागलं. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, पण माझं.

सगळे पेपर मी लिहिले. शेवटच्या तासाला बोटं भरून यायची, तेव्हा बाकाखाली मूठ उघडमीट करायचो. पास झालो हे जूनमध्ये कळलं. तपासणाऱ्याचे डोळे फार चांगले असावेत.

शेवटचा पेपर देऊन घरी आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने गजगे फडक्यात बांधले.

"झालं न्हवं औषध?" ती म्हणाली, आणि पेटीकडे निघाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "करंगळी अजून धरते."

आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नाही, त्यामुळे ते मला नीट जमतही नाही. आईने हाक मारली. "दाव."

मी हात पुढे केला. सकाळीच ह्याच हाताने मी वासराच्या दाव्याची गाठ सोडली होती, आणि आई तेव्हा शेजारीच धार काढत होती. तिने करंगळी दाबली. करंगळी मुकाट मिटली. पुन्हा दाबली, पुन्हा मिटली. वहिनी फडकं हातात घेऊन उभी होती.

"हां," आई म्हणाली. "जरा ऱ्हायलंय."

मग तिने तांदळाचं सूप पुढे ओढलं.

"सांजंचं बंद करा आता. दुपारचं चालू द्या."