लिंबू ठेवलं, पण गाडी भरून पाह्यली नाही

मंडळी, स्टँडवरच्या फळ्यावरचे कापसाचे भाव पुसून हे लिहून राह्यलो. ज्याले राग येईल त्याले येऊ द्या.

लष्कराच्या लिलावात घेतलेल्या, मी चालवतो त्या पिकअपले मालक शेठनं काळ्या मातीतल्या चिखलासाठी मोठे टायर घेतले. गाडी उंच व्हावी म्हणून मिस्त्रीनं चाकावरच्या कमानीत, म्हंजे स्प्रिंगात, एकेक लोखंडी पाटा वाढवला. मग नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. "टायर अन् मडगार्डमंधी चार बोटं जागा हाय," म्हणे. रिकाम्या गाडीत!

आज सकाळी हिवरखेडले कापूस भरला. वर सहा बाया बसल्या. गाडी वजनानं दबली. अकोटच्या अलीकडे एक बाई ओरडली, "भाऊ, खालून धूर येऊन राह्यला!"

टायर मडगार्डले घासून तापला होता. त्याच्यावर कापूस, कापसावर माणसं. बाया उड्या मारून उतरल्या, मी घागरभर पाणी ओतलं.

अन् मिस्त्री काय म्हणते? "नजर लागली. दुसरं लिंबू ठेवतो."

मले सांगा, नारळाले अर्धा घंटा भेटला, तं गाडी भरून पाह्याले काहून नाही भेटला?

उद्या कापूस भरतो अन् वर मिस्त्रीलेच बसवतो. मग पाहू, तो लिंबू मागते का अजून एक पाटा.