फ्लेक्सचं शीड आणि गोठ्यातली गाठ

मामाच्या होडीला शीड होतं ते एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं. वारा भरला की पुढाऱ्याचे गाल फुगायचे आणि आम्ही जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर त्याच्या हसण्यावर चालायचो. मामा मासे धरायला यायचा, मी फुकट हवा खायला. मला पोहता येत नाही. मामाला येतं, पण एकट्यापुरतं.

त्या दुपारी सगळं पेंगत होतं. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, मधली शिवण दिसेना. मी आडवा पडून पाण्यात बोटं सोडलेली आणि घोडेगावच्या बैलबाजारातल्या दलालाचा आवाज काढत होतो, "दात बघा, चाल बघा, मग बोला." मामा गालात हसत होता. काठावरचा ऊस कुठं संपतो आणि झोप कुठं सुरू होते, कळत नव्हतं.

मग भर्रकन वारा आला. डोलकाठीला दोन्ही अंगांनी दोर ताणून बांधलेले असतात, त्यातला एक सुटला. तुटला नाही, सुटला. बैल विकल्यावर उरलेले कासरे मामानं इथं लावले होते आणि हाताच्या सवयीनं गाठही गोठ्यातलीच मारली होती. एक टोक ओढलं की मोकळी. आग लागली तर बैल झटक्यात सुटावा म्हणून. फडफडत्या फ्लेक्सनं नेमकं तेच टोक ओढलं. आणि होडीत बैल नव्हता, मी होतो.

काठी कलली, मग सावकाश आडवी झाली. पुढारी हात जोडून पाण्यावर पसरला. काठी धरायला मामा उभा राहिला, तशी होडी एका अंगाला गेली आणि पाणी आत आलं.

"मामा, बसा."

ऐकलं नाही.

"मामा, उलटंल ही."

नाहीच. मामी तिकडं घरी भाकरी थापत असेल, पण माझ्या घशातून तीच निघाली. "अहो. खाली बसा म्हनते ना."

मामा मटकन बसला. होडी डुलली, सावरली.

"आता काय म्हनती ती?" मामानं झोपेतून विचारल्यासारखं विचारलं.

"वढा म्हनती. बसूनच. हळू."

बसूनच आम्ही फ्लेक्स आत ओढला, ओल्या म्हशीएवढा जड. काठी होडीत लांब आडवी ठेवली. डब्यानं पाणी उपसलं. वारा आला तसा निघून गेला होता. मामानं वल्हं घेतलं, मी एक फळी. काठ आमच्याकडं येत होता का आम्ही त्याच्याकडं, सांगता येत नव्हतं.

"परत काढ की तिचा आवाज," मामा म्हणाला.

"कशाला?"

"हात थांबाया लागल्यात."

मग मी मामीच्या आवाजात सांगत गेलो, मारा, अजून एक मारा, असं काय करता. त्या आवाजात मलाही भ्या वाटत नव्हतं. होडी चिखलात टेकली तरी मामा डोळे मिटून वल्हवतच होता.