पॅन, पिन, पेन आणि बनुबाई

जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या शिवेवर बनुबाईचं घर. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं, आता थोडी ज्वारीही करते. मराठी ती अडखळत वाचते, कानडी भांडण्यापुरती झकास बोलते. इंग्रजीवाचून तिचं कधी अडलं नव्हतं.

अडलं ते सोनममुळं. ही लेक तमिळनाडूत सेलमला दिली. जावई धनाजी तिथं गलाईच्या दुकानात, सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या कामावर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी सोनमचा प्रवास बंद केला. मग आईनंच जायला हवं. नवरा नानासो आडवा आला.

"तिथल्या पाट्या तमिळ, न्हाईतर इंग्लिश. उतरशील कुठं, जाशील कुठं? इंग्लिश वाचून दाव, मग जा."

हा बाबा स्वतः मिरजेच्या पुढं गेलेला नाही. पण अट घालायला कुठं तिकीट लागतं?

ग्रामपंचायतीच्या खोलीत संध्याकाळी मी बायकांना इंग्रजी शिकवते. मलाही कुणी शाळेत शिकवलेलं नाही, दुकानांच्या पाट्यांवरनं शिकले. म्हणून सुरुवात लहान शब्दांनी करते. फळ्यावर इंग्रजीत लिहिलं : पॅन, पिन, पेन. कडेची अक्षरं तीच, मधलं तेवढं बदलतं.

बनुबाई बघत राहिली. "ताई, तिळी हायती व्हय ही?"

"हो. पण स्वभाव वेगळे."

"मग एकेकाचं सांगा."

पिन म्हणजे काय ते सांगायला गेले आणि माझीच पंचाईत झाली. साडीला लावतो ती पिन. एटीएमचा नंबर पिन. चार्जरची बारीक पिन. पत्त्याखाली लिहितात तोही पिन.

"एका कोकराला चार आया?" ती म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. मी चिडले. दिवसभर तहसीलदाराशी पाण्याच्या टँकरवरून भांडून आले होते, त्यात हे.

"इंग्रजांना विचारा जाऊन!"

ती काही रागावली नाही. विचार करत म्हणाली, "आई मेलेलं कोकरू आमी दुसऱ्या मेंढीला लावतो. मग ते कुणाचं? जिच्या पोटाखाली हुबं हाय, तिचं. ह्या शब्दाचं बी तसंच आसंल. कुठं हुबं हाय ते आदी बघायचं."

दुसऱ्या दिवसापासून ती फळ्याकडं कमी आणि बाहेर जास्त बघायला लागली. बसच्या दारावर, औषधाच्या पाकिटावर, पंपावर जो शब्द दिसेल तो मला येऊन विचारायची. ऑन आणि नो मात्र तिला दाद देईनात. दोनच अक्षरं, नुसती उलटी. एकदा रेडिओ बंद म्हणून वैतागली आणि बघते तर ऑनला नो समजून बटण दुसऱ्याच बाजूला ठेवलेलं.

आणि तेवढ्यात माझ्या मोबाइलवर धनाजीचा फोन आला. सोनमला दवाखान्यात घेतलंय, डॉक्टर आता बाळंतपण लांबवायला तयार नाहीत.

नानासो म्हणाला, "आजून निम्मं बी येत न्हाई तुला."

मीसुद्धा म्हणाले, "बनुबाई, दोन दिवस थांबा, कुणी सोबत बघू."

तिनं दोघांकडं बघितलं. "मी पुरी शिकंपतूर पोर हुयाची ऱ्हातीय का? आवं, चुकलं तर इचारीन. तोंड हाय की मला!"

तिनं लुगड्याची दोन गाठोडी बांधली. नानासो तोंड फुगवून का होईना, मोटरसायकलवरून तिला मिरजेला सोडून आला. मग दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्याकडं चकरा मारत होता. "फोन आला का वो?"

आला. स्पीकर लावला.

"पोचले. पोरगी झाली, दोगीबी बऱ्या हायती." मागं बाळ रडत होतं. "दवाखान्यात आउटच्या दारातनं आत गेले, वॉचमन वरडला. त्यो तमिळ, मी मराठी. लय भांडलो. शेवटी हसला आन् सोनमच्या खोलीपतूर आला की सोडायला."

नानासोनं नाक पुसलं. "मी येतो न्यायाला. कवा येऊ सांग."

"तुमी?" ती खळखळून हसली. "तुमाला कोण आणंल मग? तुमी बसा घरी. सोनमला न् बाळाला घिऊन मी येते."