यादीतून खोडलेला रस्ता

दर शरदात माझ्या दुकानाच्या दाराशी दोन टब असतात आणि त्यांत इकडून तिकडून वेचून आणलेली गिंकोची कुजकी फळं. वास असा, की कोणीतरी आत्ताच ओकून गेलंय असं वाटावं. गिऱ्हाइकं नाक दाबून आत शिरतात आणि घरी जाऊन मोबाइलवर लिहितात, 'शेवयांचं काल्गुक्सू सूप झकास, दुकानदारीण वेडी.' लिहा म्हणावं, मी कोणाचा हात धरलाय? पालिकेचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याला गरम सूप पाजलं, बाजूला जास्तीची किमची ठेवली, आणि टब होते तिथेच राहिले.

हे वेड मला उशिरा लागलं, आणि त्याला कारण बोंगआजी.

बोंग सुन-रे त्यांचं नाव. आमच्या गल्लीच्या चढावर पंचेचाळीस वर्षं त्या एकाच खोलीत राहिल्या. सोलमध्ये असं कोणी राहत नाही. मी स्वतः सात बिऱ्हाडं बदलली. आजींचा नवरा कोळशाच्या खाणीत दगावला तेव्हा पोटात पोर होतं. ते कडेवर घेऊन त्या दक्षिणेकडच्या गावातून इथे आल्या आणि कपड्यांच्या कारखान्यात बाह्या शिवायला बसल्या. फक्त बाह्या. "अख्खा शर्ट मी जन्मात शिवला नाही," असं त्या हसत सांगायच्या. "मेलं कोणी अंगभर कापड दिलं असतं, तरी मी त्याच्या बाह्याच केल्या असत्या."

पोराचं नाव ग्यु-चोल. पाच वर्षांचा होता. आता माझं दुकान आहे तिथे तेव्हा कोळशाची वखार होती, समोर बाजार, आणि वखारीपुढे रस्त्याच्या गिंकोंच्या ओळीतलं एकच जुनं मादी झाड. मादी झाडालाच फळं धरतात आणि तीच घाण मारतात. बाजारात गर्दी फार, म्हणून आजींनी पोराला पढवून ठेवलं होतं, "हात सुटला तर रडत फिरायचं नाही. नाकानं वास घ्यायचा आणि घाण झाडाखाली जाऊन उभं राहायचं. मी येतेच."

आणि एका शरदात हात सुटला. आजींनी दुकानन् दुकान पालथं घातलं, मासळीवाल्यांच्या फळ्यांखाली वाकून पाहिलं, लोकांच्या पायांत शिरल्या. झाड आठवलं तेव्हा दिवेलागण झाली होती. वखारवाला म्हणाला, "अहो बाई, पोरगं दुपारपासून इथेच उभं होतं. हलायला तयार नव्हतं. आत्ता अर्ध्या तासापूर्वी कोणीतरी चौकीवर नेलं." आजी चौक्या शोधत फिरल्या, तोवर ते एका अनाथाश्रमात गेलं होतं, तिथून दुसऱ्यात. आजींनी दुसऱ्याचा पत्ता काढेपर्यंत आईबाप नाहीत अशा कागदांवर पोर परदेशी दत्तक गेलं होतं. कुठल्या देशी, ते कोणी सांगितलं नाही. पोलिसांकडे डीएनए जुळवायला आजींच्या थुंकीचा नमुनासुद्धा आहे. त्यातूनही अजून काही निघालेलं नाही.

"पोरानं माझं ऐकलं गं," एवढंच त्या म्हणायच्या. "मीच आधी झाडापाशी आले नाही."

मी दुकान घातलं तेव्हा वाटायचं, म्हातारीला गिंकोच्या बिया भाजून खायची हौस असेल. आमच्याकडच्या म्हाताऱ्या पहाटे पिशव्या घेऊन फळं वेचतातच. पण आजी उलट त्यांच्याशी भांडायच्या. "सगळी उचलू नका. राहू द्या थोडी, कुजू द्या." झाडूवाल्याला त्या भाजलेली रताळी द्यायच्या, त्यानं बुंध्यापाशी झाडू मारू नये म्हणून. मग माझ्या दुकानात येऊन बसायच्या, वाडग्यात चमचा फिरवायच्या आणि माझी फिरकी घ्यायच्या.

"म्योंग-सुक, या सुपात शिंपल्यातल्या तिसऱ्या नुसत्या आंघोळ करून जातात वाटतं."

"आजी, फुकटात जेवताय, तिसऱ्या कसल्या मोजता?"

"मोजायला आहेत कुठे?"

अशा आम्ही दोघी. मला आई नव्हती, त्यांना पोर नव्हतं. प्रेमाचं कोणी बोललं नाही, पण त्या एक दिवस दिसल्या नाहीत की मी चढ चढून बघायला जायचे.

मग आमचा रस्ता यादीत आला. शहरात शरदाची पानं बघण्यासारखे रस्ते कुठले, त्यांची यादी दर वर्षी निघते. तिथली पानं दोन-तीन आठवडे झाडत नाहीत, पडू देतात. ते छापून आलं तशी माणसांची रीघ लागली. पोरीबाळी पानं वर उडवून फोटो काढायच्या, नवरानवरी लग्नाचे कपडे घालून यायची. माझ्या दुकानाबाहेर रांग! दहा वर्षांत कधी रांग बघितली नव्हती मी. डोकं फिरलं माझं, खरंच सांगते. आणि त्यातच मोबाइलवर लोक लिहायला लागले, 'जेवण चांगलं, पण दारात गटाराचा वास.' एक स्टार. परत एक स्टार. दोन वर्षं हेच. मी प्रत्येकाला उत्तर द्यायचे, माफी मागायचे, रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही.

कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यानं अर्ज तयार केला, मादी झाड काढून तिथे नर झाड लावा म्हणून. पहिली सही माझी आहे. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

आजींच्या कानावर गेलंच. त्या आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत.

"झाड राहू दे, म्योंग-सुक."

"आजी, नवीन लावणार आहेत की. तेही पिवळं होईल. ग्यु-चोल आला तर त्याला पिवळं झाड दिसेलच."

"पाच वर्षांच्या पोराला रंग कसला आठवतोय? आणि पिवळी तर सगळ्या शहरात आहेत. वास आठवेल त्याला."

"चव्वेचाळीस वर्षांनी?"

हे मी बोलले. या तोंडानं बोलले. मी त्यांच्यासाठी वाडगा भरला, तर म्हणाल्या भूक नाही.

वसंतात क्रेन आली. आजी समोरच्या पायरीवर बसून बघत होत्या. झाड एका दिवसात गेलं, आणि तिथे मनगटाएवढं नर रोप उभं राहिलं. मला वाटलं, आता म्हातारी माझं तोंड बघणार नाही. तशा वागल्या असत्या तर बरं झालं असतं. चार दिवसांनी आल्या, रोजच्या खुर्चीत बसल्या आणि मला विचारलं, "खांदा दुखायचा थांबला का गं?"

त्या शरदात मोबाइलवर सगळे पाच स्टार. वासाचं नाव नाही. मी खूश होते, हे लपवत नाही.

नोव्हेंबरातला पहिला शनिवार, ऐन दुपारची वेळ. सगळी टेबलं भरलेली, बाहेर रांग पायरीच्या खालपर्यंत, मी एका हातानं शेवया सोडतेय, दुसऱ्यानं भांडी उचलतेय. एक माणूस रांग सोडून सरळ दारात आला. पन्नाशीचा, उंच, तोंडावळा आपला, कपडे परदेशी. त्यानं मोबाइल पुढे केला, त्यात काहीतरी बोलला, आणि मोबाइलमधली बाई अगदी अदबीनं म्हणाली, "या रस्त्यावर शरदात फार घाण वास येतो का?"

दोन वर्षं ज्या प्रश्नानं मला झोपू दिलं नाही, तोच प्रश्न, आणि तोही भरल्या दुकानात. माझं डोकंच सटकलं.

"छे! अजिबात नाही," मी मोठ्यानं म्हटलं, रांगेलाही ऐकू जाईल असं. "कधीच नव्हता. सगळी नर झाडं आहेत इथे, पहिल्यापासून. कोणालाही विचारा."

मोबाइलनं त्याला ते सांगितलं. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पेनानं त्यावर एक रेघ ओढली. मला वाटलं, चांगलं दुकान म्हणून खूण करतोय. मी त्याला रांगेचं शेवटचं टोक दाखवलं. तो वाकला, वाकायची सवय नसलेल्या माणसानं वाकावं तसा, मानेतूनच, आणि गेला.

तासाभरानं डोंगरावर जाणाऱ्यांची असते तशी टोपी घातलेली एक बाई पैसे द्यायला आली. सहज बोलली, "बिचारा तो डेन्मार्कचा माणूस. रांगेत माझ्यापुढेच होता. तिसरं वर्ष म्हणे त्याचं. पानं बघायच्या रस्त्यांची यादी घेऊन एकेक रस्ता फिरतोय. जिथे घाण वास नसेल तो खोडतोय. लहानपणचं त्याला तेवढंच आठवतंय, पिवळ्या पानांचा रस्ता आणि वास."

तिला द्यायची सुटी नाणी मी तशीच गल्ल्यात टाकली. ॲप्रनसकट मी रस्त्यावर धावले. पानांवरून पाय घसरत होते, माणसं हसत होती. बसथांबा बघितला, भुयारी रेल्वेच्या पायऱ्या उतरून बघितलं, बाजार बघितला. परत येऊन, सुट्या पैशांसाठी थांबलेल्या त्या बाईला विचारलं, नाव काय म्हणाला? हॉटेल कुठलं? तिला ठाऊक नव्हतं. चौकीवर गेले. तिथला पोरगा समजूतदार होता, सगळं लिहून घेतलं त्यानं, पण म्हणाला, "मावशी, नावाशिवाय मी कुठून शोधू?" पुढच्या आठवड्यात डेन्मार्कच्या वकिलातीला चिठ्ठी पाठवली, दारावर तीन भाषांत पाटी लावली. पण ज्या रस्त्यावर माणसानं स्वतःच्या हातानं काट मारली, तिथली पाटी वाचायला तो कशाला येतोय?

तो ग्यु-चोलच होता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. अशी किती पोरं गेली आहेत इथून. पण ते ठरवायचा हक्क आजींचा होता, आणि मी त्याला दारातूनच हाकलून दिलं. नुसतं "होता, इथेच होता" एवढं म्हणायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं.

त्या शनिवारीच पाचच्या सुमाराला दुकान तसंच टाकून मी चढ चढले. वाटेत तीनदा ठरवलं की सांगायचं नाही. आजी खिडकीशी बसून पालकाचे देठ मोडत होत्या. मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. मी काय म्हणाले तेही, रेघेचंही. त्याला रांगेचं टोक दाखवल्याचं तेवढं तोंडातून निघालं नाही. त्या ओरडतील, हातातलं भांडं फेकतील, असं वाटत होतं. मला ते हवं होतं.

त्यांनी हातातला देठ खाली ठेवला.

"उंच होता?"

"हो."

"केस?"

"पुढून गेलेत."

"त्याच्या बापाचेही तिशीतच गेले होते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "जेवून गेला का गं?"

खरं सांगायचं म्हणूनच तर मी चढून आले होते.

"हो आजी," मी म्हणाले. "पोटभर जेवला."

"तिसऱ्या घातल्या होत्यास ना नीट?"

"भरपूर घातल्या," मी म्हणाले, आणि त्यांच्या पुढ्यातला पालक ओढून देठ मोडायला लागले.