आखूड काठ्या

मुलांनो, तुमच्या आजीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. काल खंडेनवमी होती, म्हणून मर्दानी खेळाच्या वर्गातल्या लाठ्या तेल लावून, हळदकुंकू वाहून भिंतीशी उभ्या केल्या होत्या. इथे काठी मुलाच्या कानापर्यंत येईल एवढी देतात. मूल वाढलं की त्याला उंच काठी मिळते आणि त्याची काठी मागच्या लहानाकडे जाते. यंदा मागे कुणी आलेलंच नाही. पूजा झाल्यावर मुलांनी आपापल्या काठ्या उचलल्या आणि आखूड काठ्या तशाच भिंतीशी राहिल्या. त्या बघून माझं कशात लक्ष लागेना. आमटी अर्धवट ठेवून मी खाली गेले.

"नवी मुलं आली नाहीत तर दिवाळीनंतर वर्ग बंद," शिकवणाऱ्या कदमबाई म्हणाल्या. "प्रत्येकाला क्लास असतो हो संध्याकाळी."

तेवढ्यात सई नावाच्या त्यांच्या वांड शिष्येनं एक आखूड काठी माझ्याशेजारी धरली. "बाई, आजींच्या बरोब्बर कानाला लागते! झाली नवी भरती!"

"अगं, त्यांचे गुडघे!" कदमबाई म्हणाल्या.

सगळी मुलं हसली, मीही हसले. ती काठी तशीच हातात घेऊन घरी आले तरी चैन पडेना. तुम्ही तिकडे उंच होताय, मी इकडे आखूड होतेय, आणि या काठीच्या उंचीचं इथे कुणीच कसं नाही?

काठी मी परत दिलेली नाही. सोमवारी शाळा सुटताना ती घेऊन फाटकाशी उभी राहणार आहे. एखाद्या पोराच्या कानाला लागते का, बघते.